साडेतीन लाखांचे घड्याळ घ्यावे का, आणि घेतल्यावर सांभाळावे कसे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिता की वय छत्तीस, राहणे ठाण्यात, आणि यंदा हाती आलेल्या बोनसमधून साडेतीन लाखांचे एक स्विस ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारे) घड्याळ घ्यावे असे मनात आहे. दुकानदाराने ‘ही नुसती खरेदी नव्हे, गुंतवणूक आहे’ असे सांगितले आहे. पत्नीचे म्हणणे असे की वेळ तर मोबाइलही दाखवतो. आणि वडिलांचे एचएमटी जनता चाळीस वर्षे ‘काहीही न करता’ चालत आले आहे, मग इतक्या महाग घड्याळाला दर काही वर्षांनी सर्व्हिसिंग कशाला, असा तुमचा शेवटचा प्रश्न आहे. मी पुण्यात तीस वर्षांहून अधिक काळ मनगटी घड्याळांची दुरुस्ती करतो. घड्याळे विकत नाही, त्यामुळे तुम्ही घेतले काय आणि न घेतले काय, माझा त्यात काही लाभ नाही. जे टेबलावर उघडून पाहिले आहे, त्याच्या आधारे लिहितो.

साडेतीन लाख तुम्ही आज देऊ शकता, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. तुम्हाला ठरवायचे आहे ते वेगळेच: पुढची वीस-पंचवीस वर्षे एका यंत्राची निगा राखण्याची, त्यासाठी अधूनमधून मोठी रक्कम मोजण्याची आणि त्यावर पडणारे ओरखडे शांतपणे पाहण्याची तुमची तयारी आहे का. याचे उत्तर घड्याळ रोज घालणार की सणासुदीला, तुमचे काम टेबलावरचे की साइटवरचे, आणि पैसा साठवलेला की उसना, यावर अवलंबून आहे. या गोष्टी मला ठाऊक नाहीत, म्हणून घ्या किंवा घेऊ नका असे एका वाक्यात सांगणार नाही.

तुमच्या पत्नीचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, तिथूनच सुरुवात करू. सेलवर चालणाऱ्या घड्याळात क्वार्ट्झचा बारीकसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि साधे क्वार्ट्झ घड्याळसुद्धा महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंदांपलीकडे चुकत नाही. याउलट स्वित्झर्लंडमध्ये ज्या यांत्रिक मशीनला (घड्याळाच्या आतल्या यंत्राला) क्रोनोमीटर, म्हणजे अचूक चालीची, म्हणून अधिकृत प्रमाणपत्र मिळते, तिला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. म्हणजे पाचशे रुपयांचे घड्याळ पाच लाखांच्या घड्याळापेक्षा अचूक वेळ दाखवते, ही वस्तुस्थिती आहे. १९६९च्या डिसेंबरात सेइकोने जपानमध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले, त्यानंतरच्या दीड दशकात स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बंद पडले, त्याचे मोठे कारण हेच. केवळ वेळ पाहायची असेल तर चांगले टायटन किंवा कॅसिओ घ्यावे आणि निश्चिंत व्हावे.

मग महाग यांत्रिक घड्याळात पैसा जातो कुठे? ते दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले की समजते. चांगल्या मशीनमध्ये ब्रिजची (चाके जागी धरून ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याची) प्रत्येक कड तासून तिरपी केलेली असते आणि त्या तिरप्या पट्टीला आरशासारखी चमक असते. स्क्रूचे डोके सपाट, खाच स्वच्छ. काट्याच्या कडेला एकही खरबरीत कण नाही. केसवर (घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर) घासलेला भाग जिथे संपतो आणि चमकवलेला भाग जिथे सुरू होतो, ती रेषा दाढीच्या पात्यासारखी सरळ असते. हे काम करणाऱ्या हातांची किंमत मी ओळखतो, कारण तेच काम करायला गेलो तर माझा अख्खा आठवडा जाईल. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. यांत्रिक घड्याळातला जवळजवळ प्रत्येक भाग धातूचा किंवा माणकाचा असतो आणि गरज पडली तर तो पुन्हा घडवता येतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या क्वार्ट्झ घड्याळाचे सर्किट जळले, तर बहुतेक वेळा तिथेच त्याचा शेवट होतो. मुंबईत १८८६च्या सुमारास सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे, किंवा १८६५पासून भारतात विकली गेलेली फेव्हर-ल्यूबा, ही आजही माझ्याकडे नातवांच्या खिशातून येतात आणि तेलपाणी झाले की चालू लागतात. मात्र माझ्या पाहण्याप्रमाणे कारागिरीतला ठळक फरक साधारण तीन-चार लाखांपर्यंत दिसत राहतो. त्यापुढे नाव, सोने आणि दुर्मीळपणा यांचा वाटा वाढत जातो.

आता वडिलांच्या जनताकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळे सुरू झाली, आणि रोज चावी देण्याचे, १७ ज्वेलचे (घर्षण कमी करणाऱ्या माणकांचे) जनता हे त्यांतले सर्वांत भरवशाचे म्हणावे लागेल. त्याचा बॅलन्स (मागेपुढे झोके घेऊन चाल ठरवणारे चाक) तासाला १८,००० ठोके देतो. आजची बहुतेक स्विस ऑटोमॅटिक मशीन तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० आणि वर्षाला पंचवीस कोटींहून अधिक. हे सारे चालते ते सुईच्या टोकाएवढ्या तेलाच्या थेंबांवर. तेल काही वर्षांत पसरते, आटते किंवा घट्ट होते, आणि तरीही घड्याळ थांबत नाही; पोलादाची पिव्हट (चाकाच्या आसाचे बारीक टोक) कोरडी फिरत राहते आणि झिजत जाते. ‘काहीही न करता चालते’ असे ज्या घड्याळांबद्दल सांगितले जाते, ती उघडली की चाकांच्या टोकांशी काळपट लाल पेस्ट दिसते. तो गंज आणि धातूचा चुरा असतो. तुमचे जनता टिकले ते त्याची मशीन जाड, साधी आणि संथ आहे म्हणून, आणि बहुधा वडिलांनी मधे केव्हा तरी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून ऑइलिंग करून घेतले असेल म्हणून. त्यांना एकदा विचारून पाहा.

सर्व्हिसिंग म्हणजे काय, हेही बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसते, त्यामुळे त्याचे बिल अंगावर येते. मशीन केसमधून काढून तिचे शंभराहून अधिक भाग सुटे करावे लागतात, यंत्रात धुवावे लागतात, प्रत्येक पिव्हट भिंगाखाली तपासावी लागते, मेनस्प्रिंग (चावीची ताकद साठवणारी मुख्य स्प्रिंग) बदलावी लागते, आणि जुळवणी करताना चार-पाच प्रकारची तेले आणि ग्रीस ठरलेल्या जागी ठरलेल्या प्रमाणात द्यावे लागते. मग टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) वेगवेगळ्या स्थितींत चाल पाहायची. बॅलन्स निरोगी असेल तर तो पूर्ण चावीवर २७० ते ३१० अंशांपर्यंत झोका घेतो. हा आकडा दोनशेच्या आसपास आला, तर घड्याळ वेळ बरोबर दाखवत असले तरी ते दमलेले आहे असे मी समजतो. शेवटी नवे गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) आणि पाण्याच्या दाबाची चाचणी. घाई न करता केले तर हे एका दिवसाचे काम नाही.

खर्चाचा हिशेब असा मांडा. ओमेगा सर्व्हिसिंगसाठी पाच ते आठ वर्षे सांगते, रोलेक्स सुमारे दहा वर्षे. तुमच्या किमतीच्या साध्या तीन काट्यांच्या घड्याळाला अधिकृत केंद्रात आजच्या घडीला पन्नास-साठ हजारांची तयारी ठेवावी. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेले) असेल तर बरीच जास्त. वीस वर्षांत तीन सर्व्हिसिंग धरल्या आणि प्रत्येकी पंचावन्न हजार मोजले, तर मूळ किमतीसह पाच लाख पंधरा हजार होतात, म्हणजे वर्षाला पंचवीस हजार सातशे पन्नास, दिवसाला सुमारे सत्तर रुपये. पट्टे, विमा आणि वाढती महागाई यांत धरलेली नाही. रोज सत्तर रुपयांइतके समाधान त्या घड्याळातून तुम्हाला मिळेल का, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. काहींना ते नक्की मिळते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. कपाटात ठेवून देणाऱ्यांना मिळत नाही.

इथे घेण्याआधी विचारण्याचा एक प्रश्न सांगतो, जो दुकानात सहसा कोणी विचारत नाही: आत मशीन कोणती आहे, आणि तिचे सुटे भाग अधिकृत केंद्राबाहेर मिळतात का? बहुतेक मोठे स्विस ब्रँड सुटे भाग मान्यताप्राप्त केंद्रांनाच देतात, त्यामुळे कंपनीने स्वतः बनवलेली मशीन असेल तर वॉरंटी संपल्यावरही तुम्हाला त्यांच्याच दारी जावे लागते. उलट ईटीए २८२४ किंवा तिच्याच आराखड्यावर बनलेली सेलिटा एसडब्ल्यू २०० अशी, अनेक ब्रँड बाहेरून घेऊन वापरतात ती मशीन असेल, तर कोणताही जाणकार कारागीर ती एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी खर्चात उत्तम करून देऊ शकतो. स्वतःची मशीन असलेले घड्याळ वाईट, असे मी म्हणत नाही. त्यांतली काही अभियांत्रिकीच्या दृष्टीने फार सरस आहेत. फक्त पुढच्या खर्चाचा लगाम कोणाच्या हाती राहणार, हे घेताना माहीत असावे.

ठाण्यात राहून घड्याळ वापरणार असाल तर तुमचा पहिला शत्रू पाणी आणि दमट हवा. डायलवर ‘३० मीटर’ लिहिलेले असते त्याचा अर्थ तीस मीटर खोल जाता येते असा लोक घेतात. तो प्रयोगशाळेतला स्थिर दाबाचा आकडा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडालेले पाणी चालेल, एवढाच. पोहायचे असेल तर १०० मीटरपेक्षा कमी नको, आणि तेही गॅस्केट ताजे असतील तरच, कारण रबर घाम, साबण आणि उष्णतेने कडक होते. गरम पाण्याच्या अंघोळीत तर कोणतेही चांगले घड्याळ नेऊ नये.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ तारकर्लीच्या समुद्रात पोहून आले होते. घड्याळ ३०० मीटरचे, उत्तम प्रतीचे. पण सकाळी तारीख लावताना स्क्रूची (फिरवून आवळून बंद करायची) चावी त्यांनी परत आवळली नव्हती. संध्याकाळी काचेत आतून धुके आले, दुसऱ्या दिवशी उन्हात ते गेले, आणि ‘आपोआप सुकले’ असे समजून त्यांनी अकरा दिवस ते तसेच वापरले. मी मागचे झाकण काढले तेव्हा कडेने मिठाची पांढरी रेघ होती, चावीची दांडी आपल्या जागी गंजून घट्ट बसली होती, आणि हेअरस्प्रिंगच्या (बॅलन्सला झुलवणाऱ्या अतिशय बारीक स्प्रिंगच्या) बाहेरच्या दोन वेढ्यांवर मोहरीहूनही बारीक असे तांबूस ठिपके पडले होते. हेअरस्प्रिंगवर गंज आला की ती साफ करून भागत नाही. शेवटी बॅलन्स, दांडी, तारखेच्या बाजूचे निम्मे भाग आणि डायल बदलावे लागले, आणि बिल घड्याळाच्या किमतीच्या एक तृतीयांशावर गेले. त्याच रात्री उघडले असते तर साध्या सर्व्हिसिंगमध्ये भागले असते. म्हणून काचेत आतून धुके दिसले की तांदळाच्या डब्यात ठेवू नका, उन्हात ठेवू नका; चावी बाहेर ओढून ठेवा म्हणजे मशीन थांबेल, आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्या. दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, पाण्याच्या दाबाची चाचणी करून घेण्याचा नेम ठेवा. पाच-दहा मिनिटांचे काम असते.

दुसरा शत्रू चुंबक. मोबाइलची चुंबकाची कव्हरे, टॅबलेटची झाकणे, स्पीकर, पर्सची बटणे, यांच्याशेजारी घड्याळ रात्रभर पडले की हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू लागतात आणि घड्याळ दिवसाला एकदम अर्धा-एक मिनिट, कधी त्याहूनही जास्त, पुढे पळते. लोक घाबरून सर्व्हिसिंगला येतात आणि मी यंत्रावर अर्ध्या मिनिटात चुंबकत्व काढून ते परत देतो. घरी तपासायचे असेल तर शाळेच्या कंपासपेटीशेजारी मिळणारे साधे सुईचे होकायंत्र घ्या. घड्याळ जवळ नेल्यावर सुई डुलली तर शंका घ्यावी. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असलेल्या नव्या मशीनना हा त्रास जवळजवळ होत नाही, आणि तुमच्या किमतीत तसे घड्याळ मिळत असेल तर मी त्याला झुकते माप देईन.

रोजच्या सवयींबद्दल थोडक्यात सांगतो. तारीख पटकन बदलण्याची सोय रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत वापरू नका, कारण त्या काळात तारखेची चाके गुंतलेली असतात आणि दात तुटतो. थांबलेले ऑटोमॅटिक हलवून चालू करण्यापेक्षा चावीचे वीस-तीस वेढे द्या. क्रिकेट, हातोडा, ड्रिल मशीन यांच्या वेळी काढून ठेवा. चामड्याचा पट्टा आपल्या घामात आणि पावसात टिकत नाही, बुरशी धरतो. जून ते सप्टेंबर रबरी किंवा स्टीलचा पट्टा बरा. आणि पट्टा धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या दोन बारीक काड्या दर दोन वर्षांनी बदला. त्या अगदी किरकोळ किमतीत मिळतात, आणि माझ्याकडे पडून फुटलेली जी घड्याळे येतात त्यांतली बरीचशी ती काडी सुटल्यामुळेच पडलेली असतात.

पॉलिशबद्दल मात्र कळकळीने सांगतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एका ग्राहकाचे वडिलोपार्जित सोनेरी घड्याळ मी त्यांच्याच आग्रहावरून घासून नव्यासारखे चमकवले होते. ते खूश झाले. पुढे तसेच दुसरे, कधीही न घासलेले घड्याळ माझ्या हाती आले आणि दोन्हींची चित्रे मनात शेजारी ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की पट्टा बसतो त्या चार टोकांच्या धारदार कडा मी कायमच्या गोल करून टाकल्या होत्या. घासलेला धातू परत येत नाही, आणि ती खंत अजून माझ्या मनात आहे. आज मी ग्राहकाला आधी ओरखडे तसेच ठेवण्याचा सल्ला देतो. सर्व्हिसिंगला देताना ‘पॉलिश नको’ हे पावतीवर लिहून घ्या.

आता गुंतवणुकीचे. २०२१ मध्ये काही मोजक्या ब्रँडच्या ठरावीक स्टीलच्या मॉडेलना छापील किमतीच्या दुप्पट-तिप्पट भाव येत होता, आणि २०२२च्या वसंतापासून तेच भाव झपाट्याने खाली आले. ज्यांनी शिखरावर घेतली त्यांचे हात पोळले. त्या मूठभर मॉडेलपलीकडे जवळजवळ प्रत्येक नवे घड्याळ दुकानाबाहेर पडताच आपल्या किमतीचा मोठा भाग गमावते. त्यात १८ टक्के जीएसटी तुम्ही भरलेला असतो, जो विकताना कोणी परत देत नाही. साडेतीन लाखांचे घड्याळ तीन वर्षांनी दोन लाखांना गेले तर मला आश्चर्य वाटणार नाही. तेव्हा दुकानदाराचे ते वाक्य विसरून जा. पैसा वाढवायचा असेल तर त्याला वेगळे मार्ग आहेत. पण घेतलेच, तर बिल, शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड, डबा आणि काढलेल्या पट्ट्याच्या कड्या जपून ठेवा, आणि घराच्या विम्यात त्याची वेगळी नोंद करावी लागते का ते विमा कंपनीला विचारा.

जुने घेऊन पैसे वाचवण्याचा विचार असेल तर सावध राहा. आपल्याकडे जुन्या एचएमटी आणि सेइकोच्या डायल पुन्हा रंगवून, तीन घड्याळांचे भाग एकत्र करून विकण्याचा मोठा धंदा आहे, इतका की परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. चाळीस वर्षांचे घड्याळ आणि डायल मात्र झगझगीत निळी किंवा नारिंगी, अक्षरांच्या कडा जाड, असे दिसले की ते सोडून द्या.

तुमच्याबद्दल माझे मत असे. ही रक्कम साठवलेली असेल, घरखर्च, कर्ज आणि मुलांची तरतूद यांना धक्का लागत नसेल, आणि घड्याळ तुम्ही आठवड्यातून चार-पाच दिवस खरोखर वापरणार असाल, तर घ्यावे. चांगल्या कारागिरीची वस्तू रोज मनगटावर असणे हा खरा आनंद आहे आणि त्यासाठी गुंतवणुकीची सबब लागत नाही. हप्त्यांवर घेणार असाल तर अजिबात घेऊ नका. मधला मार्ग हवा असेल तर साठ-सत्तर हजारांत सर्वसाधारण स्विस किंवा जपानी ऑटोमॅटिक घेऊन दोन वर्षे वापरून पाहा; हौस टिकली तर मोठे घड्याळ कुठे पळून जात नाही.

पण दुकानात जाण्याआधी वडिलांचे जनता एकदा सर्व्हिसिंगला द्या. हजार-पंधराशे रुपयांत ते काम होते. एचएमटीचा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला असला तरी सुटे भाग अजून सापडतात, दरवर्षी थोडे कमी होत आहेत इतकेच. देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: डायल रंगवायची नाही आणि बदललेले भाग पुडीत बांधून परत हवेत. घरी आणल्यावर रोज सकाळी ठरलेल्या वेळी, चावी हलकेच अडेपर्यंत भरा, आणि आठ दिवस मोबाइलच्या वेळेशी ताडून किती सेकंद पुढे-मागे गेले ते एका कागदावर लिहीत जा. आठव्या दिवशी तो कागद घेऊन त्या कारागिराकडे परत जा. त्यावरूनच त्याला घड्याळ अचूक लावता येते.